हिस्लॉप कॉलेजचा कोच आणि नॅशव्हिलची पोरं

सावजी_रस्सा (धागाकर्ता):

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याचा विषय निघाला की आपल्याकडे तीनच गोष्टी ऐकू येतात. रोझा पार्क्स बाई बसमधल्या सीटवरून उठल्या नाहीत, मार्टिन ल्युथर किंग यांनी वॉशिंग्टनला ते भाषण केलं, आणि किंग गांधीजींना मानायचे. झालं, चहा मागवा. मधली जी खरी मेहनत आहे, चर्चच्या खोलीत बसून आठवड्यामागून आठवडे केलेली, ती कोणी सांगतच नाही. आणि त्या मेहनतीचं एक टोक आमच्या नागपुरात आहे हे खुद्द नागपूरकरांच्याही गावी नसतं, सिव्हिल लाइन्समध्ये हिस्लॉप कॉलेजच्या गेटवर उभ्या असलेल्या कोणत्याही पोराला विचारून पाहा.

तर जेम्स लॉसन. जन्म १९२८ चा, बालपण ओहायोत. वडील मेथडिस्ट पाद्री, पण कमरेला पिस्तूल लावून हिंडणारे, आणि आई मारामारीच्या एकदम विरोधात. लहानपणी एका गोऱ्या पोराने गाडीतून शिवी दिली म्हणून याने त्याच्या कानाखाली काढली आणि घरी येऊन आईला सांगितलं, तर आईने स्वयंपाक करता करता एवढंच विचारलं की जिमी, त्याने काय साधलं? पुढे कोरियाच्या युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला नकार दिला म्हणून गडी वर्षभराहून जास्त तुरुंगात. सुटल्यावर चर्चने १९५३ मध्ये मिशनरी म्हणून पाठवलं ते थेट नागपूरला, हिस्लॉपला, खेळांचा कोच म्हणून! तीनेक वर्षं राहिले. गांधीजींना जाऊन जेमतेम पाच वर्षं झालेली, त्यांच्यासोबत काम केलेली माणसं हयात होती, आणि सेवाग्राम काही लांब नाही. लॉसन यांनी इथे राहून तो सगळा प्रकार शिकून घेतला.

डिसेंबर १९५५ मध्ये त्यांनी 'नागपूर टाइम्स' उघडला तर पहिल्या पानावर बातमी, अलाबामातल्या माँटगोमेरी गावात काळ्या लोकांनी सिटी बसवर बहिष्कार टाकला. हा माणूस खोलीत एकटाच टाळ्या पिटून ओरडायला लागला, शेजारचा सहकारी धावत आला की बाबा झालं तरी काय.

१९५६ ला परत गेले, ओबर्लिन कॉलेजात नाव घातलं, फेब्रुवारी १९५७ मध्ये तिथे किंग आले आणि दोघांची भेट झाली. दोघंही २८ वर्षांचे. लॉसन म्हणाले शिक्षण झालं की कधीतरी दक्षिणेत येईन म्हणतो, किंग म्हणाले कधीतरी नको, आत्ता या, तुमच्यासारखा आमच्याकडे कोणी नाही. १९५८ ला लॉसन टेनेसी राज्यात नॅशव्हिलला पोचले, व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्राला ॲडमिशन घेतली आणि संध्याकाळी वर्कशॉप सुरू केले. १९५९ च्या शेवटी हे वर्ग क्लार्क मेमोरियल चर्चमध्ये भरायचे.

त्या वर्गात काय चालायचं ते वाचण्यासारखं आहे. अर्धी पोरं, जिथे काळ्यांना बसू देत नसत अशा खाण्याच्या काउंटरवर बसल्याचं नाटक करायची, अर्धी गोऱ्या गुंडांचं. गुंड झालेली पोरं आपल्याच मित्रांना घाण घाण शिव्या देणार, केस ओढणार, तोंडावर सिगारेटचा धूर सोडणार, खुर्चीवरून खाली ढकलणार. बसलेल्याने हात उचलायचा नाही. मार पडायला लागला तर अंगाची जुडी करून डोकं कसं झाकायचं, शेजारच्याला जास्त लागत असेल तर आपण मध्ये कसं पडायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यात बघत कसं राहायचं, सगळं शिकवून, पुन्हा पुन्हा करवून घेतलेलं. आता मला सांगा, आपण अहिंसा म्हटलं की लगेच 'मोठं मन' वगैरे बोलतो, पण मला तर हे सरळसरळ एखाद्या कोचने टीम बांधल्यासारखं वाटून राहिलं. यावर चर्चा करू.

---

चहाबाज:

वाह, हिस्लॉपचं माहीत नव्हतं. पण सावजीबुवा, सुरुवातीलाच खडा टाकतो. माँटगोमेरीचा बहिष्कार ३८१ दिवस चालला, लोक पायी चालले, कारपूल केले, सगळं मान्य, पण बसमधला भेदभाव शेवटी संपला तो सुप्रीम कोर्टाच्या निकालाने. ब्राउडर विरुद्ध गेल, १९५६. केस लढवली वकिलांनी, निकाल दिला कोर्टाने आणि श्रेय खाल्लं अहिंसेने. गोऱ्यांना पाझर फुटला असं कुठेच दिसत नाही मला.

---

सावजी_रस्सा:

पाझराचं नाव मी काढलंच नाही हो. उलट नॅशव्हिल मुद्दाम घेतलं ते याच साठी की तिथे कोर्टाने काहीच दिलं नाही, दिला तो दंड.

क्रम बघा. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो इथे चार पोरं वुलवर्थच्या काउंटरवर जाऊन बसली, ती बातमी देशभर गेली. म्हणजे नॅशव्हिलची पोरं महिनोन्‌महिने तयारी करत होती, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दोन मोठ्या दुकानांत जाऊन चाचपणीही करून आली होती, आणि पहिला नंबर दुसऱ्यांनीच मारला, हाहा. १३ फेब्रुवारीला नॅशव्हिलच्या १२४ पोरापोरींनी क्रेस, वुलवर्थ आणि मॅकलेलन या तीन दुकानांत काउंटर धरले. चांगले कपडे घालून, हातात अभ्यासाची पुस्तकं. या दुकानांत काळ्या गिऱ्हाइकाला वही, साबण, गंजीफ्रॉक सगळं विकत मिळायचं, गल्ल्यावर त्याचे पैसे चालायचे, फक्त तिथल्याच काउंटरवर बसून सँडविच खायचं नाही. दुकानदाराला नेमकं कुठे पकडायचं हे त्यावरूनच ठरलेलं.

२७ फेब्रुवारीला शनिवारी गुंड आले, पोरांना मारलं, सिगारेटी अंगावर विझवल्या. पोलिसांनी अटक कोणाला केली? बसलेल्यांना, ८१ जणांना. आणि इथे तालीम कामी आली, पोलिसांनी काउंटर रिकामा केला की दुसरी तुकडी येऊन बसायची, ती उचलली की तिसरी. पोलीस चक्रावले. कोर्टात जज्जसाहेब बचावाचे वकील लूबी बोलत असताना पाठ फिरवून बसले. दंड ५० डॉलर प्रत्येकी. डायान नॅश नावाच्या पोरीने उभं राहून सांगितलं की दंड भरणं म्हणजे या अन्यायाला हातभार लावणं, आम्ही तुरुंगात जातो. गेले. तेव्हा चहाबाज, हे कोर्ट का?

---

मिसळ_पाव_तर्री:

जज्ज पाठ फिरवून बसला हे वाचून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीची आठवण झाली. चालू द्या, वाचतोय, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

नदीकाठची_ताई:

मी नॅशव्हिललाच असते, बरीच वर्षं झाली, म्हणून थोडी भर. डाउनटाउनच्या पब्लिक लायब्ररीत सिव्हिल राइट्स रूम आहे, तिथे जुन्या लंच काउंटरसारखा गोल काउंटर आणि स्टुलं ठेवलीत, बसता येतं. आणि त्या काउंटरवरच पोरांचे नियम कोरलेत. जॉन लुईस आणि बर्नार्ड लाफायेट यांनी ते टाइप करून वाटले होते. कोणी मारलं, शिवी दिली तरी उलट द्यायची नाही. मोठ्याने हसायचं नाही. दुकानाचा दरवाजा किंवा आतला रस्ता अडवायचा नाही. म्होरक्याने सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही. आणि मला सगळ्यात भारी वाटलेला नियम, ताठ बसायचं आणि तोंड कायम काउंटरकडे. शेवटी येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण लक्षात ठेवा असं लिहिलंय. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना गाण्याबजावण्याच्या रस्त्याआधी इथे नेते, आमच्या सासूबाई ताठ बसायचा नियम वाचून म्हणाल्या हे आमच्या शाळेतल्या बाईंनी लिहिलंय का.

जॉन लुईस म्हणजे अलाबामातल्या कुळाने शेती करणाऱ्या घरातला मुलगा. अटक होणार हे माहीत होतं म्हणून त्याने पाच डॉलरला एक सेकंडहँड सूट घेतला, जॅकेटखालच्या बंडीसकट, तुरुंगात जाताना नीटनेटकं दिसावं म्हणून. हा किस्सा ते खासदार झाल्यावरही हसत हसत सांगायचे. वुलवर्थची ती बिल्डिंग अजून आहे, फिफ्थ अव्हेन्यूवर, आता त्याच रस्त्याला लुईस यांचं नाव दिलंय.

---

उनाड_अभ्यासू:

ताई मस्तच! एक शंका. माझ्यासारखी तापट मुलगी असती तर? मला कोणी केस ओढले असते तर मी पहिल्या मिनिटाला त्याच्या थोबाडात दिली असती आणि सगळ्यांचं आंदोलन बुडवलं असतं. सगळ्यांना जमतं का हे?

---

सावजी_रस्सा:

नाही जमत, आणि ते त्यांना माहीत होतं. वर्कशॉपमध्येच कळायचं कोणाचा पारा चढतो ते, अशा पोरांना काउंटरवर पाठवायचे नाहीत, दुसरी कामं असायची, गाडी चालव, फोनवर बस, पोस्टर लिही. काही जण तर दुकानात नुसते गिऱ्हाईक बनून उभे राहायचे, आपला-तुपला काही संबंध नाही असं दाखवत, आणि काय घडलं ते बाहेर जाऊन कळवायचे. तू फोनवर असतीस बघ.

आणि हा लॉसन यांचा स्वतःचा एक किस्सा. एक मोटरसायकलवाला टाइप गोरा पोरगा आला आणि यांच्या तोंडावर थुंकला. लॉसन यांनी त्यालाच विचारलं, रुमाल आहे का? तो इतका गडबडला की त्याने खिशातून काढून दिला! यांनी तोंड पुसलं, रुमाल परत केला, आणि विचारलं की तुझ्याकडे मोटरसायकल आहे का. मग दोघं गाडीच्या इंजिनात काय काय बदल केलेत यावर बोलत बसले. आता याला कोणी संतपणा म्हणेल, मला त्यात कोचचं डोकं दिसतं, समोरच्याने ठरवलेला खेळच खेळायचा नाही.

---

माणगावकर:

सावजी, छान धागा. मला वाचताना सारखं महाड डोळ्यासमोर येत होतं, म्हणून लिहितो, आमच्या घरापासून ते जवळ. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, हजारो लोक रांगेने गेले, पाणी प्याले. इथेसुद्धा तसंच होतं बघा, तळं नगरपालिकेचं, १९२४ मध्ये नगरपालिकेने ते सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केलेला, कागदावर हक्क होता. परत आल्यावर गावात अफवा उठवली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, आणि लाठ्या घेऊन लोक परिषदेच्या मंडपात शिरले, जेवणाऱ्यांना मारलं, अन्न मातीत मिसळलं. परिषदेला आलेल्यांत सैन्यातून निवृत्त झालेले महार गडी होते, त्यांनी मनात आणलं असतं तर महाडात काय झालं असतं विचार करा. बाबासाहेबांनी त्यांना हात उचलू दिला नाही. मग कोर्टकज्जे चालले आणि मुंबई हायकोर्टाने तळ्याचा निकाल आपल्या बाजूने दिला तो १७ मार्च १९३७ ला, दहा वर्षांनी.

तेव्हा चहाबाजांच्या मुद्द्याला माझं उत्तर असं की कोर्ट की आंदोलन हे भांडणच मला पटत नाही. ब्राउडरची केस टाकली तीसुद्धा बहिष्कार चालू असतानाच, नाही का? रस्त्यावर कोणी नसतं तर ती फाईल किती वर्षं पडून राहिली असती देव जाणे.

---

भीमथडी:

माणगावकरांनी महाड आणलं ते बरं केलं, नाहीतर हा धागा पण 'गांधीजींनी अमेरिकेला अहिंसा दिली' या रस्त्याने जाणार होता. माझे दोन आक्षेप, नव्हे, एक आक्षेप आणि एक आठवण.

आक्षेप असा की काळ्या लोकांकडे स्वतःची परंपरा होती, चर्च होती, बहिष्काराचा अनुभव होता, माँटगोमेरीत घरोघर पत्रकं वाटणाऱ्या शिक्षिका बायका होत्या. ते कोणाचे शिष्य म्हणून बसले नव्हते. आणि भारतातल्या जातीचा प्रश्न गांधीजींच्या अहिंसेने सुटला असं त्यांना जे चित्र दिसलं ते अर्धवट होतं, १९३२ च्या पुणे कराराबद्दल त्यांना कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही. हे इथे बोललं पाहिजे कारण आपण मराठीत बोलतोय.

आठवण म्हणजे बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं घटना समितीतलं भाषण. त्यात ते म्हणतात की आता सनदशीर मार्ग खुले झालेत, तेव्हा सत्याग्रह, असहकार, कायदेभंग सोडून द्या, नाहीतर अराजक. आता ज्या माणसाने स्वतः महाड केलं, नाशिकला काळाराम केलं, तो हे म्हणतोय! लोक हे वाक्य आंदोलनवाल्यांच्या तोंडावर फेकतात. पण पूर्ण वाचा, ते म्हणतात जेव्हा सनदशीर मार्ग शिल्लकच नव्हते तेव्हा या पद्धतींना बरंच समर्थन होतं. मग मला सांगा, १९६० च्या अलाबामात आणि मिसिसिपीत काळ्या माणसाला कोणता सनदशीर मार्ग खुला होता? मतदार यादीत नाव घालायला गेला तर परीक्षा, पोल टॅक्स म्हणजे मतदानासाठी भरायचा कर, वर नोकरी जाणार, जीव पण जाऊ शकतो. ज्यूरीत सगळे गोरे. म्हणजे बाबासाहेबांच्या स्वतःच्या कसोटीवर घासलं तरी नॅशव्हिलची पोरं बरोबर ठरतात. मला लॉसनपेक्षा ही बाजू जास्त पटते.

---

सावजी_रस्सा:

भीमथडी, हे एकदम भारी. १९४९ चं भाषण या बाजूने लावून कोणी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. आणि आक्षेपही घेतो, पण एक सांगतो, लॉसन १९५६ ला नागपूर सोडून गेले आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्याच शहरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. एकाच गावात दोन गोष्टी किती जवळून गेल्या! आमच्याकडे दीक्षाभूमीवर दरवर्षी गर्दी होते, पण लॉसन यांच्या नावाची साधी पाटी लावायला काऊन कोणी पुढे येत नाही कळत नाही.

---

जुना_ठाणेकर:

किंग भारतात आले होते ते १९५९ मध्ये, फेब्रुवारी-मार्च, महिनाभर होते. मुंबईत मणिभवनात राहिले, गांधीजी जिथे राहायचे तिथेच. आमच्या वेळी शाळेची सहल मणिभवनला जायची तेव्हा गाईड हे आवर्जून सांगायचा आणि आम्ही बाहुल्यांचे देखावे बघण्यात दंग. किंग यांनी परत गेल्यावर जे लिहिलं त्यात मुंबईच्या फूटपाथवर झोपलेल्या माणसांचं वर्णन आहे, ते वाचून मला जास्त बरं वाटलं, नुसतं गुणगान करून नाही गेले.

आणि केरळातला किस्सा तर त्यांनी स्वतः पुढे प्रवचनात सांगितला. त्रिवेंद्रमला एका शाळेत गेले, तिथे तेव्हा ज्यांना अस्पृश्य म्हणत अशा घरांतली मुलं होती, मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली की अमेरिकेतले आपल्यासारखेच एक अस्पृश्य आज आलेत. किंग यांना आधी झटका बसला, राग आला, मग विचार केला की आमचे दोन कोटी लोक गरिबीच्या पिंजऱ्यात आहेत, हो, मी अस्पृश्यच आहे. भीमथडींना हा किस्सा आवडेल.

---

भीमथडी:

माहीत आहे काका, आवडतोच. आणि हे नातं त्याच्याही आधीचं आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, त्यांचं उत्तरही आलं. आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं हे तर सांगायला नको.

---

चहाबाज:

ठीक, मी कोर्टाचा मुद्दा अर्धा मागे घेतो, पूर्ण नाही. पण तुम्ही नॅशव्हिल अर्ध्यावर सोडलंय, पोरं तुरुंगात गेली, पुढे? दुकानं उघडली कशी? आणि सगळीकडे असंच यश आलं का? मी ऑल्बनीबद्दल वाचलंय, जॉर्जियातलं. तिथला पोलीस प्रमुख लॉरी प्रिचेट, महाबेरकी माणूस. त्याने किंग यांची पद्धत काय आहे याचा आधीच अभ्यास केला. आपल्या पोलिसांना सांगितलं, कॅमेऱ्यासमोर कोणाला हात लावायचा नाही, गोडीत अटक करा. तुरुंग भरतील म्हणून आजूबाजूच्या गावांतल्या तुरुंगांत आधीच जागा ठरवून ठेवल्या. हजाराच्या वर लोक आत गेले आणि काही घडलंच नाही. १९६२ मध्ये किंग स्वतः दंड न भरता तुरुंगात बसले तर कोणीतरी गुपचूप त्यांचा दंड भरून टाकला आणि यांना बाहेर काढलं! तुरुंगातून हाकलून दिलेला पहिला पुढारी असावा. मग तुमची अहिंसेची टीम तिथे का हरली?

---

सावजी_रस्सा:

आधी नॅशव्हिल पूर्ण करतो, त्यातच अर्धं उत्तर आहे.

पोरं आत गेल्यावर शहरातल्या काळ्या बायकांनी ठरवलं की ईस्टरची खरेदी डाउनटाउनमध्ये करायची नाही. ईस्टरला नवे कपडे घेणं म्हणजे आपल्या दिवाळीच्या खरेदीसारखंच, दुकानदारांचा वर्षाचा मोठा धंदा. तो बसला. गोरी गिऱ्हाइकंही राड्याच्या भीतीने फिरकेनात. मेयर बेन वेस्टने समिती नेमली, समितीने एप्रिलमध्ये तोडगा काढला की काउंटरचे दोन भाग करू, एक फक्त गोऱ्यांचा, दुसरा सगळ्यांचा, काही दिवस बघू. पोरांनी नाही म्हटलं. आपल्याकडे असा तोडगा आला असता तर पुढाऱ्यांनी हार घालून घेऊन विजय मेळावा केला असता.

मधल्या काळात व्हँडरबिल्टने लॉसन यांना काढून टाकलं. त्याविरुद्ध धर्मशास्त्र विभागाच्या बहुतेक प्राध्यापकांनी डीनसकट राजीनामे दिले, हे लक्षात ठेवण्यासारखं, ते सगळे गोरे होते.

१९ एप्रिलला पहाटे वकील लूबी यांच्या घरावर डायनामाइट टाकलं. घर उद्ध्वस्त, समोरच्या मेहॅरी मेडिकल कॉलेजच्या शंभराहून जास्त खिडक्या फुटल्या, लूबी आणि त्यांची बायको नशिबाने वाचले. त्याच दिवशी दुपारी हजारो लोक निघाले, सिटी हॉलपर्यंत, तीन-तीनच्या रांगेत, घोषणा नाही, गाणं नाही, नुसता बुटांचा आवाज. मेयर पायऱ्यांवर आला. आधी सी. टी. व्हिव्हियन या पाद्र्याने त्याला फैलावर घेतलं, मेयर चिडला, वाद वाढला. मग डायान नॅश पुढे आली. ही शिकागोची, बावीस-एक वर्षांच्या आसपासची, टेनेसीच्या जत्रेत बायकांच्या संडासावर 'गोऱ्या' आणि 'काळ्या' अशा पाट्या बघून हादरलेली. तिने शिव्याशाप दिले नाहीत, राजकारण विचारलं नाही. तुम्ही एक माणूस म्हणून सांगा, केवळ वंश आणि रंगावरून भेदभाव करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? मेयर अडकला. हो म्हणाला, माणूस म्हणून मला ते योग्य वाटत नाही. मग काउंटर सगळ्यांना खुले करावेत का? हो. दुसऱ्या दिवशी पेपरात तेच छापून आलं. आणि दुकानदार सुटले बिचारे, त्यांना कोणीतरी आधी बोलायला हवं होतं, आम्ही नाही हो, मेयर म्हणाले म्हणून. १० मे १९६० ला दुपारी सहा दुकानांनी काउंटर उघडले. तेही कसं, ढोल-ताशे नाही, आधी सांगून ठेवल्याप्रमाणे छोट्या छोट्या गटांनी जायचं, ऑर्डर द्यायची, खायचं, निघायचं. दुकानदाराची गोरी गिऱ्हाइकं बिथरू नयेत म्हणून एवढी काळजी.

आता ऑल्बनी. तिथे मागण्यांची यादी लांब, बस, लायब्ररी, बागा, नोकऱ्या, मतदान, सगळं एकदम. आणि जोर सगळा नगरपालिकेवर, जिला काळ्यांच्या मतांची गरजच नव्हती कारण मतंच नव्हती. दुकानदाराला गिऱ्हाईक लागतं, तिथल्या मेयरला काळा मतदार लागत नव्हता. किंग यांनीही नंतर साधारण हेच निदान केलं, की एक नेमकी गोष्ट धरायला हवी होती. आणि पुढच्या वर्षी, १९६३ ला, अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये परत दुकानं धरली, परत ईस्टर धरला.

---

चहाबाज:

बर्मिंगहॅममध्ये बुल कॉनरही होता, तिथल्या पोलिसांचा मुख्य, हे विसरू नका. त्याने शाळेतल्या पोरांवर पाण्याचे बंब आणि कुत्रे सोडले म्हणून जगाने बघितलं. कॉनरच्या जागी प्रिचेट असता तर? म्हणजे तुमचं तंत्र समोरच्याच्या मूर्खपणावर चालतं.

---

माणगावकर:

चहाबाज, हा मुद्दा मात्र खरा आहे, आणि दुखरा पण. काळारामाचं उदाहरण घ्या. २ मार्च १९३० ला सुरू झाला सत्याग्रह, दादासाहेब गायकवाड आणि मंडळींनी पाच वर्षं रेटला, रामाचा रथ ओढायच्या दिवशी दगड खाल्ले, तुरुंगात गेले, देऊळ उघडलं नाही. तिथेही पुजाऱ्यांना यांची गिऱ्हाइकी नको होती. सावजींचं गणित तिथेही बरोबर बसतं, पण ते कळून त्या माणसांना काय मिळालं? १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि रस्ताच बदलला.

---

उनाड_अभ्यासू:

बर्मिंगहॅमला शाळेतल्या मुलांना पुढे करायची आयडिया कोणाची? मला ते वाचून जरा कसंतरीच झालं.

---

नदीकाठची_ताई:

जेम्स बेव्हल यांची, तेही लॉसन यांच्या वर्गातलेच, नॅशव्हिलचे. तेव्हाही खूप टीका झाली, अहिंसेचा मार्ग न मानणारे काळे पुढारी माल्कम एक्स यांनी तर जाहीर झोडपलं की खरे पुरुष पोरांना आगीत पाठवत नाहीत. बेव्हल यांचं म्हणणं असं की मोठी माणसं अटक झाली तर नोकरी जाते, घर चालत नाही, पोरांना ती अडचण नाही, आणि वेगळ्या शाळांत शिकतात ती, सोसतात तीच. २ मे १९६३ ला हजारावर मुलं चर्चमधून बाहेर पडली. मी दोन मुलांची आई आहे, मी माझ्या मुलांना पाठवलं असतं का? नाही. पण मी गोरी नाही तरी इथे कोणत्याही हॉटेलात कोणत्याही टेबलावर बसते, त्यामुळे फार तोंड वर करून बोलत नाही.

लॉसन यांच्याबद्दल राहिलंच. १९६८ मध्ये मेम्फिसला सफाई कामगारांचा संप झाला, दोन कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले होते, 'मी माणूस आहे' असे फलक घेऊन माणसं उभी होती. लॉसन तेव्हा तिथे पाद्री होते, त्यांनीच किंग यांना बोलावलं, आणि तिथेच ४ एप्रिलला किंग यांचा खून झाला. पुढे लॉसन लॉस एंजेलिसला गेले. व्हँडरबिल्टने नंतर माफी मागितली, २००६ मध्ये त्यांना शिकवायला परत बोलावलं, आता त्यांच्या नावाची संस्थाही तिथे आहे. आमच्या गावात एका हायस्कूललाही त्यांचं नाव दिलंय. जून २०२४ मध्ये गेले, ९५ वर्षांचे होऊन.

---

मिसळ_पाव_तर्री:

पॉपकॉर्न संपले. ताई, शाळेला नाव तिकडे, आणि हिस्लॉपमध्ये पाटी पण नाही? सावजी, तुम्हीच एक अर्ज का नाही टाकत कॉलेजला, तुमचं मराठी बरं आहे.

---

सावजी_रस्सा:

टाकतो बे, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विषय काढलाय, सध्या तिथे स्नेहसंमेलनाच्या जेवणात सावजी मटण ठेवायचं की नाही यावर जोरात चर्चा चालू आहे, ती संपली की आपला नंबर.

---

चहाबाज:

एक शेवटचं. तुम्ही सगळे अहिंसा अहिंसा करताय, पण १९५६ मध्ये घरावर बॉम्ब पडल्यावर खुद्द किंग यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, तो नाकारला गेला, आणि काही काळ त्यांच्या घरात राखणीला बंदुका घेतलेली माणसं होती. लुइझियानात १९६४ ला 'डीकन्स फॉर डिफेन्स' निघाली, तीही काळ्यांचीच, बरेच जण सैन्यातून आलेले, आंदोलकांच्या सभेबाहेर बंदुका घेऊन पहारा द्यायचे. म्हणजे आत अहिंसा, बाहेर बंदूक. यावर लॉसनछाप मंडळी काय म्हणतील?

---

भीमथडी:

यावर मलाच बरंच बोलायचंय, आणि इथे बोललो तर सावजींचा धागा पळवल्यासारखं होईल. चहाबाज, वेगळा धागा काढा, डीकन्स, माल्कम एक्स, पँथर सगळं घ्या. मी येतो.

---

चहाबाज:

काढतो शनिवारी. नागपूरकरांनी यावं, पण कोच घेऊन येऊ नका.